ठेका ऐकायचा कसा?

मैफल संपवून घरी परतताना तबल्याचा विषय निघतोच. ‘काय हात तयार आहे!’ असे एक जण म्हणतो. ‘तयार आहे, पण जरा जास्तच वाजवतो,’ असे दुसरा. हा वाद घरी पोचेपर्यंत चालतो आणि तिथेच राहतो, कारण पहिला हाताच्या तयारीबद्दल बोलत असतो आणि दुसरा साथीच्या औचित्याबद्दल. दोन वादकांची तुलना करायची तर आपण नेमके काय ऐकतो आहोत, हे आधी ठरवावे लागते. ते ठरवायचे कसे, एवढ्यापुरता हा लेख आहे. त्यासाठी तबला शिकलेला असण्याची गरज नाही. सोळापर्यंत मोजता यावे आणि एकच ध्वनिमुद्रण दोन-तीनदा ऐकायची तयारी असावी.

पूर्वी पवारांची संस्थाने असलेल्या धार आणि देवास या गावांत राहणाऱ्यांना तर यासाठी दूर जायला नको. इंदूर जवळ आहे, देवासला कुमार गंधर्वांची टेकडीखालची वास्तू आहे, धार जिल्ह्यात भगोरियाचे हाट भरतात. एकमेकांपासून अगदी भिन्न अशा तालवादनाच्या रीती इतक्या कमी अंतरात सापडणे हे भाग्यच आहे. त्या शेजारी शेजारी ठेवून ऐकल्या की एक गोष्ट पक्की होते. शैली ही वादकाच्या लहरीतून येत नाही. कोणासाठी वाजवायचे, कुठे वाजवायचे आणि कोणत्या लयीत वाजवायचे, या तीन प्रश्नांना त्याने दिलेले ते उत्तर असते. म्हणून उत्तर तपासण्याआधी प्रश्न माहीत हवा.

हात कुठे पडतो

सुरुवात नादापासून करा. उजव्या हाताच्या तबल्यावर तीन भाग दिसतात. कडेची पट्टी ती चाट, मधला काळा गोल ती शाई आणि या दोहोंमधला मोकळा भाग ती लव. दिल्लीच्या बाजात चाटेचे महत्त्व फार. तर्जनी आणि मधले बोट यांचे काम जास्त, आवाज आटोपशीर, प्रत्येक अक्षर सुटे. म्हणून त्याला बंद बाज म्हणतात. पूरबकडे, विशेषतः बनारसला, लवेवरचे आणि पूर्ण पंजाचे बोल मोठ्या प्रमाणात येतात. पखवाजाची थाप तिथे तबल्यावर उतरली आहे. हा खुला बाज. दोन्ही ऐकताना ‘कोण जोरात वाजवतो’ हे पाहू नका. आघातानंतर नाद किती वेळ टिकतो, ते पाहा. बंद बाजात बोल लगेच मिटतो आणि पुढच्या बोलाला जागा देतो. खुल्या बाजात तो रेंगाळतो आणि पुढच्या बोलात मिसळतो.

हाच भेद पखवाजात एकोणिसाव्या शतकात फार ठळकपणे उभा राहिला, आणि त्यातले एक टोक इंदूरला होते. नाना पानसे मूळचे वाईजवळच्या बावधनचे. कीर्तनाच्या साथीतून त्यांचा हात घडला, पुढे काशीला शिक्षण झाले आणि होळकरांच्या दरबारात ते स्थिरावले. दुसरे टोक दतियाचे कुदऊसिंह. कुदऊसिंहांच्या परंपरेत पंजाचे वजन मोठे. ‘धडन्न’, ‘तडन्न’ यांसारखे जोरकस, खुले बोल आणि गंभीर चालीचे लांब परण ही तिची ओळख. पानसे परंपरेत बोटांची सफाई, गोडवा, जलद लयीतही स्पष्ट राहणारी अक्षरे आणि हिशेबाचा नेटकेपणा. सखारामपंत आगळे यांच्यासारख्या शिष्यांनी ही विद्या इंदूरला टिकवली आणि महाराष्ट्रातही ती कीर्तनापासून संगीत विद्यालयांपर्यंत पसरली.

हे दोन बाज ऐकताना नवा श्रोता कुदऊसिंहांच्या बाजूला लगेच झुकतो, कारण मोठा नाद अंगावर येतो. तिथे थांबू नका. चौतालाचा ठेका दोन्ही परंपरांत बाराच मात्रांचा आहे. एकदा त्या बारा मात्रा टाळीवर धरा आणि डाव्या बाजूकडे कान द्या. पखवाजाच्या डाव्या तोंडावर कणीक लावलेली असते, म्हणून त्याचा नाद जाड आणि ओला येतो. तो जाड नाद किती वेळा येतो आणि उजव्या हाताच्या बारीक कामाला किती मोकळीक देतो, हे मोजले की दोन परंपरांतला फरक जोराचा नसून दोन हातांमधल्या वाटणीचा आहे, हे लक्षात येते. राजा छत्रपतिसिंह यांचा पखवाज कुदऊसिंहांच्या परंपरेतला आणि अर्जुन शेजवळ यांचा पानसे परंपरेतला. दोघांची ध्वनिमुद्रणे शोधून लागोपाठ ऐकावीत.

इंदूरचा झुमरा, देवासची मध्यलय

आता साथीकडे वळू. एकल वादनात वादक स्वतःचा मालक असतो, साथीत नसतो. म्हणून एकल वादनावरून साथीचा आणि साथीवरून एकल वादनाचा निकाल देऊ नये.

उस्ताद अमीर खाँ इंदूरचे. वडील शाहमीर खाँ यांच्यामुळे गाणे घरातच होते. देवासच्या रजब अली खाँसाहेबांच्या तानांचा आणि अब्दुल वहीद खाँसाहेबांच्या संथ आलापीचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. त्यांचा बडा ख्याल बहुधा झुमऱ्यात असतो, आणि लय अतिविलंबित. झुमऱ्याच्या मात्रा चौदा:

धिं ऽधा तिरकिट । धिं धिं धागे तिरकिट । तिं ऽता तिरकिट । धिं धिं धागे तिरकिट

खाँसाहेबांच्या गायनात एका मात्रेला तीन-चार सेकंद सहज लागतात, म्हणजे एक आवर्तन पाऊण मिनिट ते एक मिनिट चालते. या लयीत तबलजीपुढचे काम फार अवघड आहे. दोन आघातांमध्ये इतकी पोकळी असते की मनातली मोजणी थोडी जरी ढळली तरी मात्रा लांबते किंवा आखडते आणि गायकाच्या पायाखालची जमीन सरकते. म्हणून चांगला साथीदार प्रत्येक मात्रा मनात चार भागांत धरून ठेवतो आणि त्यांतले अगदी थोडे बोटाने सूचित करतो.

ठेक्याची बांधणीही त्याला मदत करते. वरच्या बोलांत पाहा, चारही खंड ‘तिरकिट’वर संपतात. गायक आलापात कितीही खोल गेलेला असो, ‘तिरकिट’ कानावर पडले की पुढची मात्रा नव्या खंडाची, हे त्याला कळते. तिसऱ्या खंडात ‘धिं’चे ‘तिं’ होते, डाव्या हाताचा डग्गा गप्प होतो, आणि आवर्तनाचा मध्य ओलांडला जातो आहे हेही कळते. इथे तबला म्हणजे वाटेवरचे मैलाचे दगड. ते जागच्या जागी असावेत, एवढीच अपेक्षा. तबलजीने मध्येच सुंदर तुकडा वाजवला तर तो कितीही अचूक असला तरी आलापाची सलगता मोडतो. अमीर खाँसाहेबांना साधा, स्थिर ठेका हवा असे, आणि त्यांच्या मारवा आणि दरबारीच्या लाँग प्ले तबकडीत तो कसा असतो ते ऐकायला मिळते.

आता देवास. कुमार गंधर्व १९४८ च्या सुरुवातीला क्षयाच्या आजारात हवापालटासाठी इथे आले आणि १२ जानेवारी १९९२ ला इथेच गेले. मधली काही वर्षे गाणे बंद होते. त्या काळात माळव्याची लोकगीते त्यांच्या कानावर पडत राहिली, आणि पुन्हा गायला लागल्यावर त्यांच्या लयीच्या विचारात त्या गीतांनी घर केले. कुमारजी विलंबितही गात, पण मध्यलयीतली बंदिश हे त्यांचे खास क्षेत्र. त्यांच्या स्वररचना ‘अनूपरागविलास’मध्ये संग्रहित आहेत. त्यांची लहान लहान, धारदार वाक्ये केवळ आजारामुळे आली असे म्हणणे अपुरे आहे. बंदिशीचे शब्द लयीवर कुठे टेकवायचे आणि कुठे उचलायचे, हा त्यामागे जाणीवपूर्वक केलेला विचार आहे.

या गाण्याला वसंतराव आचरेकरांचा तबला दीर्घकाळ लाभला. कोकणात कणकवलीला त्यांच्या नावाचे सांस्कृतिक प्रतिष्ठान आहे. त्यांचा ठेका भरलेला, सुरेल आणि पुढे चालत राहणारा. मध्यलय तीनतालाचे बोल सगळ्यांच्या ओळखीचे आहेत:

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

इथे एक बारीक गोष्ट कान देऊन ऐका. काल, म्हणजे खाली, नवव्या मात्रेवर आहे, पण डग्गा गप्प होतो तो दहाव्या मात्रेपासून, आणि परत येतो चौदाव्या मात्रेच्या ‘धिं’वर. तेराव्या मात्रेपर्यंत नाद पातळ झालेला असतो. चौदाव्यावर डग्गा परतला की समेची, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, ओढ सुरू होते. कुमारजी या ओढीशी खेळतात. कधी समेच्या किंचित आधी शब्द टाकतात, कधी सम रिकामी सोडून तिच्या मागून उचलतात. तबलजीने त्यांच्या मागे धावत सम ‘दाखवायचा’ प्रयत्न केला तर सगळी गंमत जाईल. आचरेकरांचा डग्गा चौदाव्या मात्रेवर जसा भरून येतो तसाच येत राहतो, म्हणून गायकाला लयीशी लपंडाव खेळता येतो.

दोन्ही साथी वरवर साध्या ठेक्याच्याच आहेत. पण पहिलीत ठेका गायकाला जागा दाखवतो आणि दुसरीत गायकाला धक्का देतो. म्हणूनच एकाला ‘संथ’ आणि दुसऱ्याला ‘चपळ’ म्हणून तुलना पुरी होत नाही. मालकंस दोघांनीही गायला आहे. दोघांचा मालकंस लागोपाठ लावा, राग तोच राहू द्या, आणि फक्त तबल्याचे काम कसे बदलते ते ऐका.

धारचा मांदल, देवासचा ढोलक

मैफलीच्या बाहेरही हाच अभ्यास करता येतो. होळीच्या आधीच्या आठवड्यात धार जिल्ह्यात कुक्षी, बाग, टांडा, गंधवानी अशा ठिकाणी आठवडी बाजाराच्या दिवशी भगोरिया भरतो. भिल्ल गावांचे चमू आपापले मोठे मांदल गळ्यात अडकवून येतात. सोबत ढोल, काशाची थाळी, बासरी. एकाच मैदानात अनेक मांदल एकाच वेळी वाजत असतात आणि नाचणारे शेकडो असतात. इथे वादकाला पाय एकत्र पडायला हवे आहेत. म्हणून आकृती छोटी असते, पुन्हा पुन्हा येते, आणि बदल घडतो तो लय चढवून. मांदलाचा जाड नाद जमिनीसारखा पसरतो आणि गोंगाटातून आरपार जाण्याचे काम थाळीचा टणत्कार करतो. या वादनात ‘वैविध्य नाही’ असे म्हणणारा श्रोता ओसरीवर उभा राहून ऐकतो आहे, नाचाच्या घोळक्यात उतरून नाही. त्या वाद्याला विचारायचा प्रश्न एकच: पाय चुकतात का?

देवास जिल्ह्यातल्या कबीर भजनाच्या मंडळ्यांत याच्या अगदी उलट अपेक्षा असते. पद्मश्री मिळालेले कालूराम बामनिया याच भागातले. प्रह्लादसिंह टिपानिया शेजारच्याच पट्ट्यातले. गायकाच्या एका हातात तंबुरा, दुसऱ्यात करताल, सोबत मंजिरा, व्हायोलिन आणि ढोलक. गाण्याची सुरुवात साखीने होते. साखी ठेक्याशिवाय म्हटली जाते आणि ढोलक त्या वेळी थांबलेला असतो. मग टेक, म्हणजे ध्रुवपद, येते आणि ढोलक उचलतो. अंतऱ्यात शब्द गुंतागुंतीचे असतात तिथे तो खाली बसतो, टेकेवर परत वर येतो. इथे अर्थ राजा आहे. ढोलक ऐकताना त्याने कुठे हात उचलला, हे आधी टिपा. आजही इथल्या खेड्यांत ही मंडळी रात्ररात्र गातात. कुमारजींच्या निर्गुणी भजनांतली ठेक्याची शांतता नीट समजून घ्यायची असेल तर एकदा तरी अशी बैठक ऐकावी.

लंडनचे दोन ड्रमर

घरातली तरुण मुले रॉक ऐकत असतील तर त्यांच्याबरोबरही हाच अभ्यास करता येईल. रोलिंग स्टोन्सचे चार्ली वॉट्स आणि द हू या बँडचे कीथ मून ही तुलना तिकडे वर्षानुवर्षे चालत आली आहे. वॉट्स जॅझच्या आवडीतून आलेले. ड्रम मोजके. स्नेअरवर दुसरा आणि चौथा ठोका देताना ते उजवा हात हाय-हॅटवरून उचलत, त्यामुळे ठोक्याला हवा मिळे. मून ठोके पसरवत जात, गाण्याच्या ओळींच्या मागोमाग ड्रमवर धावत, आणि त्या वेळी लय धरून ठेवण्याचे काम बँडमधली इतर वाद्ये करत. वॉट्स २०२१ मध्ये गेले, मून १९७८ मध्येच. इथेही ‘मोजके चांगले की भरगच्च चांगले’ हा प्रश्न चुकीचा आहे. मून यांची शैली त्या बँडमध्ये चालली, कारण जमीन दुसरे कोणीतरी धरून होते. वॉट्स यांना ती स्वतःच धरायची होती.

आणखी एक उदाहरण जागेचे. लेड झेपलिनचे जॉन बॉनम यांचे ड्रम १९७१ च्या संग्रहातल्या एका गाण्यासाठी इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या घराच्या जिन्याखालच्या मोठ्या दालनात ठेवून मुद्रित केले गेले. जो प्रचंड नाद आपण ऐकतो तो हाताचा आहे, तसा त्या उंच दालनाचाही. मांदल मैदानात, झुमरा दिवाणखान्यात आणि तबला मायक्रोफोनसमोर ऐकताना ही गोष्ट विसरू नये.

प्रत्यक्ष ऐकताना

आता कृती. पुढचा क्रम पाळलात तर दोन शैलींची तुलना नीट करता येईल.

पहिले, जोडी नीट निवडा. दोन्ही साथी हव्यात किंवा दोन्ही एकल. शक्य तर राग, ताल किंवा निदान लय सारखी असावी. एका बाजूला झुमरा आणि दुसऱ्या बाजूला द्रुत तीनताल ठेवून हाताची तुलना करण्यात काही अर्थ नाही.

दुसरे, पहिल्या फेरीत फक्त टाळी द्या. तीनतालात पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्यावर काल. झुमऱ्यात पहिल्या, चौथ्या आणि अकराव्यावर टाळी, आठव्यावर काल. टाळी चुकली तर पुन्हा सुरुवात करा. घाई नको. टाळी पक्की झाल्याशिवाय बाकी काही ऐकू येत नाही.

तिसरे, दुसऱ्या फेरीत फक्त डग्गा ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर डग्ग्याचा खर्ज जवळजवळ हरवतो आणि सगळे तबलजी सारखे वाटू लागतात. साधा इअरफोनसुद्धा चालेल. डग्गा कुठे घुमतो, कुठे दाबला जातो, कुठे पूर्ण थांबतो ते टिपा. साथीची ओळख बहुतेक वेळा डाव्या हातातच असते.

चौथे, तिसऱ्या फेरीत रिकाम्या जागा ऐका. गायक श्वास घेतो त्या क्षणी तबलजी काय करतो? काहीच करत नाही, लहानसे ‘तिरकिट’ भरतो, की तुकडा टाकतो? तिन्ही उत्तरे योग्य ठरू शकतात, पण त्या वादकाची सवय कोणती, हे चार-पाच आवर्तनांत कळते.

पाचवे, समेवर येण्याच्या जागा तपासा. गायक मुखडा घेऊन समेवर येतो तेव्हा तबलजी आधीपासून तयारी दाखवतो की नुसता तिथे हजर असतो? गायक सम चुकवून पुढे गेला तर तबलजी त्याला पकडायला धावतो की ठेका धरून थांबतो? कुमारजींच्या साथीत ही जागा सगळ्यात बोलकी आहे.

सहावे, प्रत्यक्ष मैफलीत तबलजी बहुधा गायकाच्या उजव्या हाताला बसतो, म्हणजे श्रोत्यांच्या डाव्या बाजूला. तिकडची जागा धरा आणि काही वेळ फक्त त्याचे डोळे पाहा. तो गायकाकडे पाहतो, स्वतःच्या हाताकडे पाहतो की श्रोत्यांकडे? मैफलीआधी तो हातोडीने गट्ट्यांवर ठोके देत तबला लावत असतो, तेही लक्ष देऊन ऐका. तबला गायकाच्या षड्जाला नीट मिळाला नसेल तर पुढचा सगळा तयार हात वाया जातो. देवासला दरवर्षी होणारा कुमार गंधर्व समारोह आणि इंदूरचा अमीर खाँ समारोह या अभ्यासासाठी उत्तम.

सातवे, टाळ्यांवर निकाल देऊ नका. समेवरच्या तिहाईला टाळी मिळते, पाऊण मिनिटाच्या झुमऱ्यात एकही मात्रा न ढळू देण्याला मिळत नाही. दोन्ही कौशल्येच आहेत, पण दुसरे ऐकू येण्यासाठी सवय लागते.

आणि शेवटी, तुमचे मत एका वाक्यात लिहून काढा, पण त्यात ‘चांगला’, ‘वाईट’ हे शब्द नकोत. ‘डग्गा चौदाव्या मात्रेवर भरून येतो’, ‘गायक श्वास घेतो तिथे हा गप्प राहतो’, ‘साखी चालू असताना ढोलक अंगावर येतो’, असे काहीतरी लिहा. असे वाक्य लिहिता आले की दुसऱ्या श्रोत्याशी वाद खरा वाद होतो, कारण तोही तीच मात्रा पुन्हा लावून तपासू शकतो. वादकालाही मैफलीनंतर ‘फार छान’ असे म्हणण्याऐवजी हेच सांगा. साथ करणाऱ्याचे काम आपल्याकडे कानाआड राहते. त्याने नेमके काय केले, ते ओळखून सांगणारा श्रोता त्याला फार थोड्या वेळा भेटतो, आणि असा श्रोता समोर बसला आहे हे कळले की पुढच्या वेळी तो आणखी विचारपूर्वक वाजवतो.